वृद्धांच्या हक्कांचा जागतिक करार: पोच कोण देणार?

कोथरूडच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यवाहांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "दर १ ऑक्टोबरला, आंतरराष्ट्रीय वृद्ध दिनाला, आम्ही वक्ता बोलावतो. ते संयुक्त राष्ट्रांचं काहीबाही सांगतात, आम्ही टाळ्या वाजवतो, बटाटावडा खाऊन घरी जातो. आता म्हणे वृद्धांच्या हक्कांचा जागतिक करार होणार आहे. आमच्या संघातल्या निम्म्या घरांतली मुलं परदेशात आहेत. या आंतरराष्ट्रीय सहकार्याचा आम्हाला काडीचा तरी उपयोग आहे का? असेल तर संघानं नेमकं काय करायचं? आणि जाता जाता, संघाला परदेशी देणगी मिळेल का?"

काका, वड्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बाकीच्यावर जरा सविस्तर लिहिते.

मी वकील नाही. समाजकार्य शिकले आणि गेली सत्तावीस वर्षं पुण्यात ज्येष्ठांबरोबर काम करतेय. प्रांत कचेरीत द्यायचे निर्वाहाचे अर्ज लिहायचे, बँकेत सोबत जायचं, परदेशातल्या मुलांना रात्री साडेदहाला फोन लावायचा (तिकडे तेव्हा ऑफिसची सुट्टी झालेली नसते, पण चहाची असते), कधी कधी नुसतं शेजारी बसायचं. एवढ्या वर्षांत एक सवय लागलीय. कुठलीही मोठी घोषणा कानावर आली की मी विचारते, याचा अर्ज कोण घेतं आणि पोच कोण देतं? पोच मिळत असेल तर तो हक्क. मिळत नसेल तर ती सदिच्छा. सदिच्छा वाईट नसते, पण तिच्यावर शिक्का नसतो.

तुमचे वक्ते जे सांगतात त्यातलं बरंचसं सदिच्छेतलं आहे. १९८२ साली व्हिएन्नात वार्धक्यावरची पहिली जागतिक परिषद झाली, कृती आराखडा निघाला. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी वृद्धांसाठी अठरा तत्त्वं मांडली: स्वावलंबन, सहभाग, काळजी, आत्मविकास, प्रतिष्ठा अशा पाच गटांत. १ ऑक्टोबरचा दिवसही तेव्हापासूनचाच. २००२ मध्ये माद्रिदला दुसरी परिषद, दुसरा आराखडा. गावांची नावं ऐकून ज्येष्ठांच्या सहलीचा कार्यक्रम वाटावा असं आहे हे. यातलं काहीही कोणत्याही सरकारवर बंधनकारक नाही. माद्रिद आराखड्याचं कलम दाखवून पुण्यातल्या कुठल्या खिडकीवर अर्ज देता येत नाही.

तरी ते अगदीच वाया गेलं असं मी म्हणणार नाही. १९९९ हे आंतरराष्ट्रीय वृद्ध वर्ष होतं, आणि भारताचं ज्येष्ठांविषयीचं पहिलं राष्ट्रीय धोरण त्याच वर्षी जानेवारीत आलं. हा योगायोग नव्हे. जगासमोर जाऊन आपण काय केलं ते सांगायचं असलं की घरात आवराआवर होते. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण नाही का सोफ्यावरचे कपडे उचलत?

आता नवीन काय, ते बघा. २०१० मध्ये न्यूयॉर्कला एक कार्यगट नेमला गेला. प्रश्न एवढाच होता: वृद्धांसाठी वेगळा करार हवा की आहेत ते मानवी हक्कांचे करार पुरेत? या प्रश्नावर चौदा अधिवेशनं झाली. २०२४ मध्ये त्या गटानं मान्य केलं की संरक्षणात फटी आहेत आणि त्या कशा बुजवता येतील याच्या शिफारशी दिल्या. त्यानंतर ३ एप्रिल २०२५ रोजी जिनिव्हाच्या मानवी हक्क परिषदेनं, मतदान न घेता, एकमतानं ठराव केला की सरकारांच्या प्रतिनिधींचा गट बसवून बंधनकारक कराराचा मसुदा लिहायला घ्यायचा. तुमचे वक्ते यालाच 'करार होणार' म्हणत असावेत. करार झालेला नाही, लेखणी उचलली गेलीय.

किती वर्षं लागतील? अंदाजासाठी अपंग व्यक्तींच्या कराराकडे बघते. त्याची समिती डिसेंबर २००१ मध्ये नेमली गेली, करार डिसेंबर २००६ मध्ये स्वीकारला गेला, भारतानं १ ऑक्टोबर २००७ ला त्याला मान्यता दिली आणि त्याला धरून आपला नवा कायदा आला २०१६ मध्ये. म्हणजे न्यूयॉर्कहून दिल्लीला यायला पंधरा वर्षं. पण पुढचं ऐका. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकारचं अपंगत्व धरलं जायचं, नव्यात एकवीस, आणि त्या एकविसांत पार्किन्सन आहे. तुमच्या संघात हात थरथरणारे दोघंतिघं तरी असतील. त्यांना आज ससून रुग्णालयात जाऊन तपासणी करून घेता येते, आणि ठरलेलं प्रमाण भरलं तर प्रमाणपत्र मिळतं. त्या कागदाची मुळं न्यूयॉर्कच्या एका समितीत आहेत हे रांगेत उभ्या असलेल्या कुणाच्या मनातही येत नाही, यायची गरजही नाही. करार पोचतो तो असा: नाव गाव न सांगता, कायदा होऊन, खिडकीवर. म्हणून मी या कराराकडे कुचेष्टेनं बघत नाही. फक्त, आज पंच्याऐंशीच्या माणसाला 'थांबा, येतोय' असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

जगाच्या काही भागांत हे काम आपल्याआधी झालंय. अमेरिका खंडातल्या देशांनी २०१५ मध्ये वृद्धांच्या हक्कांचा आपला करार केला, तो २०१७ पासून लागू आहे. आफ्रिकेतल्या देशांचा २०१६ चा मसुदा पुरेशा देशांच्या मान्यतेची वाट बघत आठ वर्षं रखडला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्यात वृद्ध स्त्रियांना चेटकीण ठरवून छळण्याविरुद्ध तरतूद आहे. हे वाचताना मला आपला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आठवला, आणि तो वटहुकूम निघण्यासाठी याच शहरात ओंकारेश्वराच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून व्हावा लागला तेही. आशियात मात्र असा प्रादेशिक करार नाही, मानवी हक्कांचं प्रादेशिक न्यायालयही नाही. त्यामुळे आपल्याला मधला जिना नाही. थेट जिनिव्हा, नाहीतर थेट प्रांत कचेरी.

आता तुमच्या निम्म्या घरांकडे येते. खरं आंतरराष्ट्रीय सहकार्य लागतं ते तिथे, आणि ते आहे की नाही हे दोन देशांच्या मधल्या रेषेवर कळतं.

जिथे ते चालतं त्याचा नमुना आधी सांगते. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे वेगळ्याच कामासाठी आले होते. बोलता बोलता म्हणाले, नव्वदच्या दशकात स्टुटगार्टजवळ चार वर्षं होतो. मी विचारलं, तिथे पेन्शनची वर्गणी कापत होते का? होते. मग ती कुठे गेली? त्यांनी खांदे उडवले. जर्मनीत पेन्शनचा हक्क मिळायला किमान पाच वर्षांची वर्गणी लागते, यांची चार. पण मे २०१७ पासून भारत आणि जर्मनीत सामाजिक सुरक्षेचा सर्वंकष करार आहे. त्यानुसार इथली भविष्य निधीच्या पेन्शन योजनेतली वर्षं पात्रतेसाठी तिथल्या वर्षांत मिळवता येतात. आम्ही गोळीबार मैदानाच्या भविष्य निधी कार्यालयात चौकशी केली, कागद गेले, वर्षभराहून जास्त काळ पत्रापत्री झाली आणि पेन्शन सुरू झालं. रक्कम लहान आहे. पण दर वर्षी जर्मनीहून हयातीच्या दाखल्याचा कागद येतो तेव्हा गृहस्थ तो शेजाऱ्यांना दाखवून मगच सही करतात. त्यांच्याच तुकडीतल्या एका मित्रानं मात्र परत येताना भरलेली वर्गणी काढून घेतली होती. त्यांना ही वाट बंद. म्हणून हा प्रश्न आधी विचारायचा.

असे करार भारताचे बेल्जियमपासून (तो पहिला, सप्टेंबर २००९ पासून लागू) जपान, कोरिया, फ्रान्स, नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलियापर्यंत अनेक देशांशी आहेत. अमेरिकेशी नाही. तिथे पेन्शनसाठी साधारण दहा वर्षांची वर्गणी लागते. कुणी आठ वर्षं कापून घेऊन परत आला तर इथली वर्षं त्याला जोडता येत नाहीत. पुण्यातल्या किती घरांना हे लागू आहे ते तुम्हीच मोजा. कार्यक्रमात हात वर करायला सांगा: कोण कोण कधीकाळी परदेशात पगारावर होतं? मुलांचं सोडा, स्वतःचं विचारा.

दुसरी चालणारी गोष्ट अपोस्टीलची. भारत २००५ पासून त्या व्यवस्थेत आहे. एका देशात त्या शिक्क्यानं प्रमाणित झालेला सार्वजनिक कागद दुसऱ्या सदस्य देशात पुन्हा सिद्ध करावा लागत नाही. टोरांटोच्या लेकीनं पाठवलेलं कुलमुखत्यारपत्र त्यामुळे इथे चालतं, मात्र ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला विसरू नका. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या कुटुंबानं ही मुदत घालवलेली असते. लिफाफा ठेवा. कागद कधी पोचला याचा तोच पुरावा.

आता न चालणारं. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून लागू आहे. त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की तो भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. सहाव्या कलमात असंही आहे की मुलगा परदेशी असेल तर केंद्र सरकारनं नेमून दिलेल्या यंत्रणेमार्फत समन्स बजावायचं. वाचायला इतकं सुरेख की लोकांना वाटतं काम झालं.

सदाशिव पेठेतल्या एका आजींचा अर्ज मी लिहिला होता. मुलगा ह्यूस्टनला. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत अर्ज निकाली काढायचा असं कायदा म्हणतो. आमचं समन्स कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर गेलं हे विचारण्यात दहा महिने गेले, आणि पोच आलीच नाही. शेवटी त्याच्या गैरहजेरीत आदेश झाला, दरमहा आठ हजार. (कायद्यातली कमाल मर्यादा दहा हजार आहे. ती काढायचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं, मंजूर झालं नाही.) तो आदेश पुणे जिल्ह्यात सिंहासारखा, ह्यूस्टनमध्ये रद्दी. त्याची तिथे वसुली कोण करणार? मुलानं तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर 'भारतीय नागरिक' या शब्दावरूनच वाद सुरू होतो. आजींचं पुढे काय झालं म्हणाल, तर त्यांच्या जावेनं मुलाला फोन करून सुनावलं आणि पैसे सुरू झाले. यात आंतरराष्ट्रीय सहकार्य शून्य, जाऊबाई शंभर टक्के.

असं का होतं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण करारातला सगळ्यात अवघड परिच्छेद हाच असणार आहे. सोडून गेलेल्या बापाकडून मुलांसाठी पैसे सीमेपलीकडून वसूल करायची यंत्रणा जगानं उभी केलीय. २००७ चा हेग करार त्यासाठीच आहे. प्रत्येक देशात एक मध्यवर्ती कार्यालय, ते अर्ज घेतं आणि दुसऱ्या देशातल्या कार्यालयाला पाठवतं. तो मुख्यतः मुलं आणि जोडीदार यांच्यासाठी आहे. देशांना वाटलं तर इतर नात्यांपर्यंत वाढवता येतो, पण भारत मुळात त्यात नाही. आणि असता तरी अडचण राहिलीच असती. आपला कायदा म्हणतो, आईला सांभाळणं मुलाचं काम. पाश्चात्त्य देशांत हे ओझं बरंचसं पेन्शन, विमा आणि करांतून समाजानं उचललेलं असतं. जपाननं २००० साली काळजीचा विमाच काढला, चाळिशीपासून प्रत्येकानं त्याचा हप्ता भरायचा. म्हणजे आपण मुलाचं कर्तव्य म्हणून जो दावा नेतो, तो स्वीकारायला समोर तशा नावाचा कप्पाच नसतो. आपल्या सरकारला जिनिव्हात हे ठरवावं लागेल: मुलाच्या मागे लागणारा कायदा जगभर न्यायचा, की सरकारनं द्यायच्या पेन्शनवर बोलायचं? दुसरं बोलायला गेलो तर आपली वही उघडावी लागते. केंद्राचा वृद्धापकाळ पेन्शनचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाला महिन्याला २०० रुपये आणि ऐंशीपुढे ५०० रुपये आहे. राज्याच्या श्रावणबाळ योजनेसकट हातात येतात १,५०० रुपये. पहिला पर्याय सगळ्यांना का आवडतो ते यातच आलं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. 'परदेशातली मुलं कृतघ्न' हे जे कट्ट्यावर चालतं, ते माझ्या अनुभवाला धरून नाही. माझ्याकडच्या छळाच्या बहुतेक तक्रारी याच शहरात, बऱ्याचदा त्याच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांविरुद्ध असतात. परदेशातली मुलं पैसे पाठवतात. कमी पडतं ते दुसरंच.

ते काय, हे एरंडवण्यातल्या एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंकडे कळलं. पती गेलेले, मुलगी मेलबर्नला. मुलगी अत्यंत नीटनेटकी. आईनं तिला कुलमुखत्यारपत्र दिलेलं, नोंदवलेलं, सगळं चोख. पुढे बाईंना स्मृतिभ्रंश झाला. मुलगी रजा टाकून आली, चोवीस तासांची बाई लावायची, त्यासाठी ठेव मोडायची. बँकेनं नाही म्हटलं. मुलीनं तिथल्या तिथे आवाज चढवला, मीही थोडा चढवला. घरी येऊन कायदा वाचला तेव्हा कळलं की बँक चुकली नव्हती. आपल्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणाऱ्याची विचारशक्ती गेली की मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, नेमक्या त्याच दिवशी तो मरतो! ऑस्ट्रेलियात असं नाही, तिथे विचारशक्ती गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. मुलीचा विश्वासच बसेना. शेवटी पालक म्हणून नेमणूक मागायला मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागली. ठेव मोडेपर्यंत शुश्रूषेचा खर्च मुलीनं तिकडून भागवला, म्हणून निभावलं.

अशा प्रौढांच्या संरक्षणासाठी २००० चा एक हेग करार आहे. कोणत्या देशाचं न्यायालय निर्णय घेणार, एका देशात नेमलेला पालक दुसऱ्यात मानायचा का, हे तो ठरवतो. भारत त्यातही नाही. आणि हा प्रश्न चार घरांचा नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांबरोबर देशभर पंचेचाळिशीपुढच्या बहात्तर हजारांवर लोकांची पाहणी केली. त्यातूनच निघालेल्या अभ्यासात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आला, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख. तुमच्या संघाचे दोनशे सभासद असतील तर चौदा-पंधरा. आणि ते मीटिंगला येत नाहीत, म्हणून दिसत नाहीत.

मला विचाराल तर नव्या करारातून पुण्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल ती ही गोष्ट: विचारशक्ती गेल्यावरही टिकणारा, देखरेखीखालचा आणि सीमेपलीकडे मानला जाणारा अधिकार. तोपर्यंत जे हातात आहे ते करा. बँकेतली खाती 'दोघांपैकी कोणीही' अशी करून ठेवा, नामनिर्देशन तपासा, आणि उपचारांबद्दलची इच्छा लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तो हक्क मानला आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर होतं. बक्षीसपत्र करणार असाल तर 'मला सांभाळण्याच्या अटीवर' हे शब्द त्यात लिहून घ्या. प्रेमात लिहिलेल्या बक्षीसपत्रांनी माझी दोन कपाटं भरलीत.

आता मावशींबद्दल. ब्युरोकडून येणारी मावशी ही पुण्यातल्या वृद्धसेवेची खरी आरोग्यव्यवस्था आहे. तिला बहुधा कुणी उचलून बसवायचं कसं हेसुद्धा शिकवलेलं नसतं, तिला सुट्टी नसते, आणि ब्युरोचं कमिशन वेगळं. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११ चा करार आहे. भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं, पण मान्यता अजून दिलेली नाही. दुसरीकडे आपल्या मुली जपानी शिकतायत. वृद्धांची शुश्रूषा, कायगो, हे जपाननं परदेशी कामगारांना खुल्या केलेल्या क्षेत्रांपैकी आहे आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याचा समझोता झालाय. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. जाऊ देत, चांगला पगार मिळू दे. मला राग फक्त एवढ्याचा येतो की ओसाकातल्या आजोबांना कुशीवर कसं वळवायचं याचं शिक्षण मिळालेली मुलगी इथून विमानात बसते, आणि तिच्याच आजीला गावाकडे पाठीवर जखमा होतात. सहकार्यात एक अट घालता येईल: जितक्या जणी पाठवाल तितक्याच जणींना इथल्या कामासाठी शिकवायला तुमचे शिक्षक आणि तुमचा अभ्यासक्रम द्या. सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या धर्तीवरची बाग आपण केलीच ना. तसं.

परदेशी देणगी मिळेल का, हेही तुम्ही शेवटी हळूच विचारलंय. विसरा. परकीय देणग्यांचा कायदा २०२० पासून आणखी कडक आहे. दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेत खातं लागतं, आणि नोंदणी असलेल्या संस्थेला मिळालेले पैसे पुढे तुम्हाला देता येत नाहीत. संघाला ते झेपणार नाही. पुण्यात बाहेरचा पैसा आणि बाहेरच्या कल्पना वृद्धांसाठी आल्या नाहीत असं नाही. नवी पेठेतला निवारा हा वृद्धाश्रम १८६३ साली सुरू झाला तो बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांच्या देणगीतून. डॉ. शरच्चंद्र गोखल्यांनी वार्धक्याच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या इंटरनॅशनल लाँजेव्हिटी सेंटरची भारतातली शाखा आणली ती पुण्यातच. त्या जागतिक साखळीचे प्रवर्तक अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट बटलर. वयावरून होणाऱ्या भेदभावाला १९६९ मध्ये इंग्रजीत 'एजिझम' हे नाव दिलं ते त्यांनी. मराठीत त्याला अजून धड शब्द नाही. 'या वयात काय करायचंय तुम्हाला?' हे वाक्यच आपण वापरतो.

फुकट आणि आजच वापरता येईल अशी एक गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं वृद्धांच्या क्षमता तपासायची एक साधी पद्धत तयार केलीय: स्मरण, हालचाल, पोषण, दृष्टी, श्रवण आणि मन:स्थिती. तीन शब्द सांगायचे आणि थोड्या वेळानं विचारायचे. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं, चौदा सेकंदांत झालं का बघायचं. वजन नकळत उतरलंय का, भूक गेलीय का, दोन आठवडे उदास वाटतंय का. हे निदान नव्हे. कुणाला डॉक्टरकडे आधी पाठवायचं एवढं यातून कळतं. संघातला कुणी निवृत्त डॉक्टर किंवा नर्स असेल तर एका सकाळी चाळीस जणांचं होतं.

आणि संघानं जिनिव्हासाठी काय करायचं? निवेदन नको, निवेदनं सगळेच देतात. नोंदी द्या. सभासदांपैकी ज्यांचं काम सीमेवर अडलं त्यांची प्रत्येकी एक पानाची नोंद करा, नाव न देता: काय हवं होतं, कुठे अर्ज दिला, कोणत्या तारखेला, पोच आली का, शेवटी कसं सुटलं. वीस पानं झाली तरी पुरे. एक प्रत केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाला, कारण वृद्धांचा विषय सरकारात त्यांच्याकडे आहे. एक राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला. एक वृद्धांच्या हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांच्या कार्यालयाला. हे पद २०१४ पासून भरलेलं आहे, आधी चिलीच्या रोझा कोर्नफेल्ड-मात्ते, मग ऑस्ट्रियाच्या क्लॉडिया मालर. तिथे दिल्लीची परवानगी न घेता कुणालाही लिहिता येतं. ते निकाल देत नाहीत, पण सरकारला पत्र लिहून विचारू शकतात. मसुदा लिहिणाऱ्यांकडे तत्त्वं भरपूर आहेत. समन्स दहा महिने कोणत्या टेबलावर होतं हे त्यांना सदाशिव पेठेतूनच कळू शकतं.

तेव्हा येत्या १ ऑक्टोबरला वक्ता नको. सकाळी खुर्चीची तपासणी, मग मुद्रांक आणि बँकेतलं कळणारा एक जण दोन तास टेबल मांडून बसेल, आणि तिसऱ्या टेबलावर मी नोंदी लिहून घेईन. सभासदांना बक्षीसपत्र, मुखत्यारपत्र, पासबुक आणि परदेशातल्या नोकरीचे जुने कागद, जे असेल ते पिशवीत घालून आणायला सांगा. खुर्च्या मात्र सभागृहातल्या त्या हलक्या प्लॅस्टिकच्या नकोत, उठताना मागे सरकतात. लाकडी चार मिळतील का बघा, भिंतीला टेकवून ठेवू. वडे नंतर. आधी खाल्ले तर चौदा सेकंदांत कुणीच उठणार नाही.